तिसरा रकाना

(ला दीग, सेशेल्स. मे महिना)

मी नावं लिहिली होती.
जानेवारीपासून, शाळेच्या व्हरांड्यात,
डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा सारून,
निळ्या शाईनं : नाव, जन्मसाल, डावा दंड की उजवा,
पहिला डोस, दुसरा डोस.
दुसरा रकाना भरला की समोरचा माणूस
कर्ज फिटल्यासारखा हसायचा.
बेट केवढं! सायकलच्या एका दमात संपणारं.
आम्ही मोजता मोजता संपलो,
मला वाटलं, संपलं.

आता साखर घ्यायला दुकानात गेले तरी
लोक माझ्याकडे असे बघतात
जणू मापात पाप मीच केलं.
‘फ्रान्सीन, आहे ना माझं नाव तुझ्या वहीत?
दोन्हीकडे?’
आहे, आंतोनेत.
‘मग चुलीवर ब्रेडफ्रूट करपलं
तरी मला वास कसा आला नाही?’

सोमवारी चार. गुरुवारी एकोणीस.
रविवारी फादरनी आकडा सांगितलाच नाही,
फक्त चर्चच्या खिडक्या उघडायला लावल्या.
वारा आत आला, मेणबत्त्या विझल्या,
आणि कुणीच त्या परत लावायला उठलं नाही.

कुणी म्हणतं, बाटलीत पाणीच होतं.
कुणी म्हणतं, बोटीतून उतरणाऱ्या पाहुण्यांनी आणला.
हेच लोक त्याच पाहुण्यांना सायकली भाड्यानं देतात,
सीट पुसून, हसून.
मीही देते. दोन आहेत माझ्या.

नर्स लिझान दवाखान्याच्या पायरीवरून सांगते :
समोर प्रवाळाची रांग दिसते ना?
ती समुद्र थांबवत नाही, लाट मोडते.
पाणी आत येणारच. पण गुडघाभर.
म्हातारा विल्नो पुढेच बसला होता,
एक्याऐंशीचा, जन्म गेला बांबूचे सापळे विणण्यात.
म्हणाला, गुडघाभर पाण्यात बुडालेली माणसं
मी बाहेर काढलीत, पोरी. दोन.
लिझान गप्प झाली.
मग हळूच : आणि रांगेपलीकडची?
त्यानं मोजायला बोटं उचलली
आणि तशीच मांडीवर ठेवून दिली.

पेरीन गेली. पाववाली.
दोन्ही डोस, साखरेचा आजार, अठ्ठावन्न.
वहीत तिच्या नावाचं शेवटचं अक्षर
ओळीबाहेर ओढलं गेलंय,
कारण त्या दिवशी ती मला हसवत होती.
मी ते पान उघडत नाही. बोटांना मात्र ते बरोबर सापडतं.

विल्नोलाही झाला. तीन दिवस ताप.
चौथ्या दिवशी अंगणात बसून सापळा विणत होता,
आणि रस्त्यावरून कुणी गेलं की मान खाली घालत होता.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं,
की बरं होणाऱ्यालाही तोंड लपवावं लागतं.

काल संध्याकाळी किनाऱ्यावर शंख वाजला : मासळी आली.
सूर मध्येच तुटला, परत लागला.
फुंकणारा नवा पोरगा होता,
नेहमीच्या मार्सेलला अजून दम पुरत नाही.
आम्ही उभे राहिलो, हात लांब करून मोजलेल्या अंतरावर,
प्रत्येकाच्या पायाशी नारळाची एकेक झावळी,
ही माझी हद्द, ती तुझी.
पोरानं माशांची जुडी वाळूवर ठेवली, मागं सरला.
मी पैसे ठेवले, मागं सरले.
लाट येऊन दोघांच्या पावलांपर्यंत पोचली.

रात्री वही काढली.
छापलेले रकाने दोनच.
तिसरा मी पट्टीनं आखला, पेन्सिलीनं,
वर काही लिहिलं नाही.
चौथ्यापुरता समास उरतो का
ते बघितलं नाही, असं लिझानला सांगेन.
बघितलं.